कुजबुजीच्या मागावर रामन

हिरकणीवाडीहून रोपवेने वर या किंवा चित्त दरवाज्यापासून पायऱ्या चढत या, रायगडावरच्या राजसभेत पोहोचलात की एक प्रयोग ठरलेला असतो. गाइड निम्म्या मंडळींना नगारखान्याच्या कमानीखाली थांबवतो, उरलेल्यांना मेघडंबरीजवळ पाठवतो आणि नगारखान्यात उभा राहून एक कागद फाडतो. मधले अंतर सुमारे २०० फूट. तरी सिंहासनाकडच्या मंडळींना ते फाडणे ऐकू येते. कधी काडेपेटीची काडी ओढून दाखवतात, कधी एखाद्या मुलाला स्वतःचे नाव हळूच उच्चारायला लावतात. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा शेजारच्या घोळक्यात कुणीतरी ब्लूटूथ स्पीकर लावला होता. गाइडने तीन कागद फाडले, आमच्या कानावर एकही आला नाही. चौथा कागद त्याने मुकाट्याने खिशात घातला.

या किमयेचे श्रेय गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांना दिले जाते. जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर त्यांचे नाव कोरलेले आहेच. श्रेय किती त्यांच्या भिंतींचे आणि किती गडावरच्या शांततेचे, हा वाद गाइडशी घालू नये. दोन्हींचा वाटा असावा. मोकळ्यावर आवाज चहूकडे पसरतो आणि पसरता पसरता विरळ होतो. अंतर दुप्पट झाले की आपल्या वाट्याला येणारी ध्वनिऊर्जा चौथाईवर येते. दगडी भिंती त्यातला काही भाग पुन्हा सभेत परतवतात. आणि महाडच्या हायवेवरच्या हॉर्नपासून इतक्या उंचावर, गर्दी नसताना, बारीकसा आवाजही बुडून जात नाही.

आवाज हवा त्या जागी पोहोचवायचा आणि इतरत्र जाऊ द्यायचा नाही, ही माणसाची जुनी हौस आहे. त्याचे ढोबळमानाने दोन मार्ग. एक म्हणजे भिंती, घुमट, कमानी यांना आकार देऊन आवाजाला वळण लावणे. दुसरा म्हणजे लहरच अशी निवडणे, की ती टॉर्चच्या झोतासारखी सरळ जाईल. दुसऱ्या मार्गाने बनवलेले दिशादर्शी अल्ट्रासॉनिक स्पीकर गेल्या पंचवीसेक वर्षांत बाजारात आले आहेत. संग्रहालयात एका चित्रासमोर उभे राहिले की निवेदन ऐकू येते, दोन पावले बाजूला सरकले की बंद, अशी त्यांची करामत. या दोन्ही मार्गांवर, म्हणजे घुमटातल्या कुजबुजीवर आणि न ऐकू येणाऱ्या अल्ट्रासाउंडच्या झोतावर, मूलभूत काम करणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. त्यांचे नाव आपण दरवर्षी २८ फेब्रुवारीला घेतो, पण ते प्रकाशासाठी. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या आयुष्यातला आवाजाचा अध्याय शाळांच्या विज्ञानदिनी सहसा उघडलाच जात नाही.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळ झाला. वडील चंद्रशेखर अय्यर गणित आणि भौतिकशास्त्राचे अध्यापक. विशाखापट्टणमच्या कॉलेजात नोकरी लागल्यावर ते कुटुंबासह तिकडे गेले. घरात दोन गोष्टींची रेलचेल होती, पुस्तके आणि संगीत. वडील व्हायोलिन वाजवत. रामन अकराव्या वर्षी मॅट्रिक झाले आणि वयाच्या सोळाव्या वर्षी, १९०४ मध्ये, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून बी.ए.ला पहिले आले. कॉलेजात असतानाच, १९०६ साली, त्यांचा प्रकाशाच्या विवर्तनावरचा निबंध लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला.

एवढ्या हुशार मुलाने त्या काळी इंग्लंडला जायचे, हे ठरलेलेच. पण मद्रासच्या सिव्हिल सर्जनने प्रकृती तपासून सांगितले, की या मुलाला तिकडची थंडी मानवणार नाही. त्या एका वैद्यकीय शेऱ्याने रामन भारतात राहिले. संशोधनाला इथे नोकऱ्या नव्हत्याच, म्हणून त्यांनी अर्थखात्याची परीक्षा दिली, तीत पहिले आले आणि १९०७ मध्ये कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले. वय १८. त्याच वर्षी लग्न झाले. पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवत.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. चांगला पगार, बंगला, बढत्या आणि शेवटी पेन्शन. पण कलकत्त्यात ट्रामने जाता-येता त्यांना बहूबाजार स्ट्रीटवर एक पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार नावाच्या डॉक्टरांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून उभारलेली ती विज्ञानसंस्था होती, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. डॉक्टर १९०४ मध्ये वारले होते, उपकरणांवर धूळ होती आणि संशोधक नव्हते. रामन आत गेले आणि पुढची दहा वर्षे त्यांनी दोन दिवसांचे काम एका दिवसात केले. पहाटे प्रयोगशाळा, मग घाईघाईने जेवून कचेरी, संध्याकाळी कचेरीतून थेट परत प्रयोगशाळा, ती रात्रीपर्यंत. रविवार पूर्ण तिथेच. लोकसुंदरींनी हा संसार कसा चालवला, याबद्दल चरित्रांतून फार कमी कळते.

पहिल्या वर्षांत त्यांनी जे विषय निवडले, ते पाहण्यासारखे आहेत. महागडी उपकरणे लागत नाहीत आणि घरात जन्मापासून कानावर आहे, असा विषय म्हणजे आवाज. १९०९ मध्ये त्यांनी एकतारीवर निबंध लिहिला. होय, तीच एकतारी जी गोसावी आणि वारकरी हातात घेऊन दारावर येतात. एक तार, एक भोपळा, आणि त्यातून निघणारा स्वर तारेच्या कंपनातून नेमका कसा तयार होतो, याची त्यांनी छाननी केली. त्याच सुमारास त्यांची बदली रंगूनला झाली आणि १९१० मध्ये नागपूरला. महाराष्ट्राशी त्यांचा थेट संबंध आला तो एवढाच, नागपूरच्या त्या छोट्या मुक्कामाचा. तिथे असोसिएशनसारखी प्रयोगशाळा नव्हती. राहत्या घराच्या एका भागात त्यांनी काम चालू ठेवले. १९११ मध्ये परत कलकत्ता.

असोसिएशनमध्ये त्यांचे मदतनीस होते आशुतोष डे, म्हणजेच आशूबाबू. त्यांनी विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते, पण हात विलक्षण तयार. रामन यांनी त्यांना हाताखालचा नोकर न मानता संशोधक मानले आणि आशूबाबूंच्या नावाने निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत गेला. पुढे दुसऱ्या एका प्रसंगात रामन यांची कोती बाजू येणार आहे, म्हणून ही गोष्ट आधी सांगितली.

१९१७ मध्ये ते आशुतोष मुखर्जी यांनी देऊ केलेल्या कलकत्ता विद्यापीठाच्या पालित प्राध्यापकपदावर रुजू झाले. पगार अर्थखात्यातल्या पगाराच्या जवळपास निम्मा. शिवाय पदाची अट अशी, की प्राध्यापकाने परदेशात शिक्षण घेतलेले असावे. परदेशात जाऊन शिकून येण्यास रामन यांनी नकार दिला आणि अट बाजूला ठेवावी लागली. पगाराबद्दल त्यांनी तक्रार केली नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी, पक्की सरकारी नोकरी सोडून, निम्म्या पगारावर. आजही किती घरांत हा निर्णय जेवणाच्या ताटावर मंजूर होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

यानंतर वाद्यांवरचे काम जोरात सुरू झाले. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा तार गजाला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. या हालचालीचे गणित त्यांनी मांडले आणि ते पडताळण्यासाठी ठरावीक वेगाने, ठरावीक दाबाने वाजवणारे यंत्र तयार केले. १९१८ मध्ये त्याचा मोठा प्रबंध निघाला. तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीकडे ते वळले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की युरोपातल्या पाठ्यपुस्तकांतला एक नियम इथे लागू होत नाही. नियम असा, की तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटत नाही. तंबोऱ्यात तो खुशाल उमटतो. कारण आपली घोडी धारदार नसते, ती रुंद आणि किंचित बाकदार असते आणि तार तिच्यावर घासत, टेकत कंप पावते. मिरजेचे कारागीर जवारी काढताना कानस आणि दोऱ्याने नेमकी ही टेकणी जुळवत असतात.

तबला आणि मृदंगाचे त्यांचे काम मला सर्वांत सुंदर वाटते. साध्या ढोलाचे कातडे ताणून त्यावर थाप मारली की त्यातून उमटणारे वेगवेगळे कंप एकमेकांशी सुरात नसतात. म्हणून ढोलाला ताल असतो, स्वर सांगता येत नाही. आपल्या शिमग्याच्या ढोलाचेही तेच. तबल्याच्या पुडीवर मात्र मधोमध शाईचा थर असतो. त्या वजनामुळे कातड्याच्या कंपांची गती अशी बदलते, की पहिले पाच स्वर एकमेकांच्या पटीत, म्हणजे सुरेल बसतात. सतारीची तार जे करते, ते इथे कातडे करते. रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये हे नेचर नियतकालिकात मांडले, आणि १९३४ मध्ये रामन यांनी त्यावर सविस्तर निबंध लिहिला. पद्धत इतकी साधी की घरी करता यावी. कातड्यावर बारीक वाळू भुरभुरायची आणि थाप द्यायची. जिथे कातडे हलते तिथून वाळू उडते, जिथे स्थिर असते तिथे रेघा धरून बसते. फक्त तबला स्वतःचा असावा.

आता पहिल्या मार्गाकडे, भिंतींकडे. १९२१ च्या उन्हाळ्यात रामन पहिल्यांदा परदेशी गेले, ऑक्सफर्डला विद्यापीठांच्या परिषदेसाठी. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटाखाली गोल सज्जा आहे. एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले, की पलीकडच्या बाजूला भिंतीला कान लावलेल्याला ते ऐकू येते. लॉर्ड रॅले या थोर इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचे उत्तर आधीच दिले होते. आवाज मधल्या पोकळीतून आरपार जात नाही, तो वळणदार भिंतीला बिलगून, जणू रांगत रांगत पलीकडे पोहोचतो आणि म्हणून फारसा विरळ होत नाही. रामन यांनी सदरलँड या सहकाऱ्याबरोबर तिथे मोजमाप केले. रॅलेंच्या गणितानुसार भिंतीपासून दूर जाताना आवाज सावकाश कमी व्हायला हवा होता. यांना तो चढउतार करताना आढळला, म्हणजे भिंतीपासून जरा दूर मंद, आणखी दूर पुन्हा थोडा स्पष्ट. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने यजमानांच्या घुमटात यजमानांच्याच सिद्धान्तात भर घातली.

परत आल्यावर त्यांनी भारतातल्या अशा वास्तूंकडे पाहिले. त्यांतली सर्वांत मोठी आपल्या शेजारी, विजापूरचा गोलघुमट. महंमद आदिलशहाची ही कबर. आदिलशहा वारला १६५६ मध्ये, त्याच वर्षी रायरीचा डोंगर, म्हणजे पुढचा रायगड, शिवरायांच्या ताब्यात आला. एका दरबाराच्या शेवटी उभा राहिला ४४ मीटर व्यासाचा घुमट, दुसऱ्याच्या सुरुवातीला आयताकृती राजसभा. घुमटात एकट्याच्या पावलांचा आवाज घोळक्याच्या चालण्यासारखा घुमतो आणि एका टाळीचे दहाहून जास्त प्रतिध्वनी येतात, अशी नोंद रामन यांनी केली. तिथे आवाज गोल भिंतीच्या कह्यात असतो, सुटतच नाही. रायगडावर छप्पर नाही, गोलाई नाही. तिथे आवाज निसटू शकतो, त्यामुळे घुमत नाही, आणि म्हणून शब्द शब्द म्हणून पोहोचतो. राजसभेला हेच हवे. घुमटात कुणी फर्मान वाचले असते तर ते दहा वेळा ऐकू आले असते आणि एकदाही कळले नसते.

याच प्रवासात बोटीवरून त्यांनी भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहिला आणि त्याच्या कारणाच्या शोधात ते प्रकाशाकडे वळले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. के. एस. कृष्णन यांच्यासह २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणाम, १९३० मध्ये नोबेल पारितोषिक. आज औषधांच्या कारखान्यांपासून कर्करोगाच्या संशोधनापर्यंत तो परिणाम वापरला जातो. तो या लेखाचा विषय नाही.

१९३३ मध्ये ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबईहून कमला भागवत नावाची मुलगी तिथे प्रवेश मागायला आली. बी.एस्सी.त पहिली आलेली, वडील आणि काका याच संस्थेतून शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, बहीण पुढे मराठीत नावाजलेल्या लेखिका दुर्गा भागवत. रामन यांनी नाकारले. कारण एकच, ती मुलगी होती. कमलाबाईंनी बंगळूर गाठले आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याची तयारी दाखवली. शेवटी एका वर्षाच्या अटीवर घेतले. काम समाधानकारक वाटेपर्यंत नियमित विद्यार्थिनी मानायचे नाही. वर्षाअखेर रामन यांना आपले म्हणणे मागे घ्यावे लागले आणि संस्थेचे दार मुलींना उघडले. कमला सोहोनी १९३९ मध्ये केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या, पुढे मुंबईत त्यांनी नीरा आणि कडधान्यांच्या पोषणमूल्यांवर काम केले. तो अपमान त्या विसरल्या नाहीत. आशूबाबूंची पदवी न विचारणाऱ्या माणसाने कमलाबाईंचे गुण पाहूनही दार लावून घेतले, हे चरित्र सांगताना गाळता येत नाही.

बंगळूरलाच दुसऱ्या मार्गावरचे काम झाले. त्यासाठी थोडे लहरींबद्दल. माणसाचा कान सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंप ऐकतो. त्यापुढचा तो अल्ट्रासाउंड, मराठीत श्रवणातीत ध्वनी. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १०० कंपांच्या जाड आवाजाची एक लहर सुमारे साडेतीन मीटर लांब, १,००० कंपांची सुमारे ३४ सेंटिमीटर आणि ४०,००० कंपांची नऊ मिलिमीटरही नाही. झोत बनवायचा तर ज्या पृष्ठातून लहर निघते ते लहरीपेक्षा बरेच मोठे हवे. साडेतीन मीटरच्या लहरीला फूटभराचा स्पीकर म्हणजे ओढ्यात पडलेला खडा; लाटा सगळीकडे जाणार. लग्नातल्या डीजेचा धमधमाट चार घरे ओलांडून येतो तो यामुळे. नऊ मिलिमीटरच्या लहरीला मात्र तोच स्पीकर अवाढव्य, म्हणून ती सरळ झोतात निघते.

१९३२ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांना दिसले होते, की द्रवातून अल्ट्रासाउंड चालू असताना त्यातून आडवा प्रकाश सोडला तर पलीकडे एका ठिपक्याऐवजी ठिपक्यांची रांग उमटते. का, याचे समाधानकारक उत्तर नव्हते. १९३५-३६ मध्ये रामन आणि त्यांचे तरुण गणिती सहकारी एन. एस. नागेंद्र नाथ यांनी लागोपाठ निबंधांत ते दिले. अल्ट्रासाउंड म्हणजे द्रवातले दाट आणि विरळ पट्टे. दाट पट्ट्यातून प्रकाश जरा मागे पडतो, विरळमधून जरा पुढे निघतो. आत शिरताना सपाट असलेली प्रकाशलहर बाहेर पडताना पन्हळी पत्र्यासारखी होते, आणि त्या पन्हळीतून ठिपके निघतात. कुठला ठिपका किती तेजस्वी, हेही त्यांच्या सूत्रातून मिळाले. हे निबंध रामन यांनीच १९३४ मध्ये स्थापन केलेल्या इंडियन अकादमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात छापले गेले. जगभरचे विद्यार्थी हा सिद्धान्त आजही रामन-नाथ याच नावाने शिकतात. लेसरचा किरण आवाजाने वळवणारी साधने त्यावर चालतात, आणि डोळ्यांना न दिसणारा, कानांना न ऐकू येणारा अल्ट्रासाउंडचा झोत कसा पसरतो, हे प्रकाशाच्या मदतीने पाहता येते.

दिशादर्शी स्पीकर रामन यांनी शोधला नाही, हे स्पष्ट केलेले बरे. त्याची कहाणी त्यांच्या कामाच्या शेजारून जाते. अडचण अशी होती, की अल्ट्रासाउंडचा झोत सरळ जातो पण ऐकूच येत नाही. मग त्यावर बोलणे कसे चढवायचे? हवाच ते करते. आवाज फार तीव्र असला की लहरीचा दाबाचा भाग विरळ भागापेक्षा किंचित वेगाने पुढे जातो आणि लहर वेडीवाकडी होते. अशा वेळी एकाच झोतात ४०,००० आणि ४१,००० कंपांच्या दोन लहरी सोडल्या, तर दोन्हींतल्या फरकाइतका, १,००० कंपांचा तिसरा आवाज हवेतच तयार होतो, आणि तो ऐकू येतो. बोलणे किंवा गाणे असेच अल्ट्रासाउंडवर स्वार करतात. आवाजाचा उगम जणू हवेतल्या त्या लांब झोतातच असतो, म्हणून तो झोताबाहेर फारसा जात नाही. अमेरिकेतल्या पीटर वेस्टरव्हेल्ट यांनी १९६३ मध्ये याचा सिद्धान्त मांडला, तो पाण्याखालच्या सोनारसाठी. १९८३ मध्ये जपानी संशोधकांनी हवेत चालणारा स्पीकर करून दाखवला, आणि १९९० च्या दशकाअखेरीस एमआयटीत जोसेफ पॉम्पेई यांनी त्यातली खरखर आटोक्यात आणली.

त्याचा उपयोग कुठे? संग्रहालये, वाचनालये, तिकीट खिडक्या, इस्पितळातल्या वॉर्डात एकाच खाटेसाठी टीव्ही. महाडच्या एसटी स्टँडवर एका फलाटाची सूचना त्याच फलाटावर ऐकू आली, तर बाकीच्यांचे कान वाचतील. रायगडासारख्या जागी दर दहा पावलांवर लाउडस्पीकर लावण्यापेक्षा हा मार्ग मला बरा वाटतो, आणि कागदाचा प्रयोगही चालू राहील. डीजेला मात्र हा पर्याय नाही. या पद्धतीत जाड आवाज फार क्षीण निघतात, ढोल-ताशाचा घुमारा त्यातून येत नाही. भिंतीवर झोत पडला तर तो परततो आणि आवाज भिंतीतूनच आल्यासारखा वाटतो. आणि ज्याला ऐकू आले त्याच्याशिवाय कुणी साक्षीदार नाही, अशी जाहिरात रस्त्याने चालणाऱ्याच्या कानात घालण्याचा मोह कंपन्यांना होणारच. नको असलेल्या आवाजाविरुद्ध आपल्याकडे २००० सालचे नियम आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, इस्पितळे आणि शाळांभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. एकट्याच्या कानात पडणाऱ्या आवाजाचा विचार त्यांत नाही.

तब्येतीचे काय, हा प्रश्न वाचक विचारणार. सोनोग्राफीतल्या अल्ट्रासाउंडशी याची गल्लत करू नये. तिथे सेकंदाला लाखो कंप असतात आणि ते जेल लावून थेट शरीरात सोडतात. जेल नसेल तर हवा आणि त्वचेच्या सीमेवरून जवळजवळ सगळा ध्वनी परत फिरतो. स्पीकरचा अल्ट्रासाउंडही म्हणूनच शरीरात फारसा शिरत नाही. जपायचे ते कानांना. ऐकू येणारा आवाज बेताचा वाटला तरी त्याला वाहून आणणारा अल्ट्रासाउंड बराच तीव्र असतो, तेव्हा काउंटरवर दिवसभर झोतात बसणाऱ्याची जागा बदलावी, तोंडाशी यंत्र लावू नये. कुत्र्यांना साधारण ४५,००० कंपांपर्यंत ऐकू येते, वटवाघळांना त्याहून बरेच वर. आपल्याला शांत वाटणारा कोपरा त्यांना तसा वाटेलच असे नाही. आणि साध्या, ऐकू येणाऱ्या मोठ्या आवाजाचा धोका कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा मोठा आहे. अंतर्कर्णातल्या शंखासारख्या नळीत केसांसारख्या पेशी असतात, त्या ८५ डेसिबलच्या वर तासन् तास राहिले की मरू लागतात. गेलेल्या पेशी माणसात पुन्हा येत नाहीत.

बंगळूरला रामन यांचे सहकाऱ्यांशी आणि नियामक मंडळाशी फार काळ जमले नाही. चौकशी समिती नेमली गेली आणि १९३७ मध्ये त्यांना संचालकपद सोडावे लागले. प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत राहिले आणि मग स्वतःची रामन रिसर्च इन्स्टिट्यूट उभी केली. हिरे, स्फटिक, शंखशिंपल्यांची झळाळी, गुलाबांचे रंग, जे आवडेल ते तिथे त्यांनी अभ्यासले. १९५४ मध्ये भारतरत्न. साठीनंतर त्यांना इंद्रियांनी घेरले. डोळा रंग कसा ओळखतो यावर त्यांनी १९६८ मध्ये पुस्तक काढले. त्यातल्या कित्येक मतांशी शरीरशास्त्रज्ञ सहमत नव्हते, आणि रामन यांनी त्यांची फारशी पर्वा केली नाही.

आपल्या संस्थेत ते दरवर्षी २ ऑक्टोबरला गांधी स्मृती व्याख्यान देत. १९७० चे व्याख्यान शेवटचे ठरले. त्यात विषय होता कान. अंतर्कर्णातल्या त्या शंखाच्या आत आवाजाचे काय होते आणि आपण ऐकतो कसे. एकतारीपासून निघालेला ८१ वर्षांचा माणूस पुन्हा ऐकण्यापाशी आला होता. महिनाभरात प्रयोगशाळेतच ते कोसळले, हृदयाने दगा दिला. इस्पितळातून त्यांनी संस्थेत परत नेण्याचा हट्ट धरला, कारण शेवट तिथल्या फुलांत व्हावा अशी इच्छा होती. २१ नोव्हेंबर १९७० रोजी पहाटे ते गेले. संस्थेच्या बागेत, जिथे त्यांना अग्नी दिला, तिथे स्मारक बांधलेले नाही, एक झाड लावले आहे.